वगळलेला ग्राहक

माझे सासरे वजनकाटे दुरुस्त करतात. ‘माझे सासरे’ असं लिहिताना हात अडखळतो, कारण कायद्याने ते आता माझे कोणीच लागत नाहीत. पण दर वेळी ‘माझ्या आधीच्या बायकोचे वडील’ म्हणत बसलो तर गोष्ट पुढे सरकायची नाही, म्हणून सासरेच म्हणतो. बाजारात त्यांना सगळे काटेवाले म्हणतात.

त्यांचं दुकान म्हणजे दोन मोठ्या दुकानांच्या मधे चुकून उरलेली जागा. आत दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्याने बाहेरूनच बोलायचं. समोर एक जड दगडी ओटा, आणि मागच्या फळीवर ओळीने पितळी वजनं. ती वजनं ते कधी उघड्या हाताने धरत नाहीत, फडक्याने धरतात. बोटांचा घाम लागला की वजन बदलतं म्हणे. लग्नानंतर पहिल्यांदा दुकानात गेलो तेव्हा मी कौतुकाने एक वजन उचललं. त्यांनी माझ्या हातातून वजन काढून घेतलं, पुसलं, जागेवर ठेवलं आणि मला एक फडकं दिलं. त्या घरात मी खरा जावई झालो तो त्या फडक्यामुळे, असं मला अजून वाटतं.

आजारी माणसाबद्दल बोलावं तसं ते काट्याबद्दल बोलतात. काट्याला ‘लक्षण’ असतं, त्यावर ‘उपाय’ करायचा, मग ‘गुण’ येतो किंवा येत नाही. दुरुस्त झालेल्या काट्यावर ते आधी मधोमध वजन ठेवून बघतात आणि मग तेच वजन चारही कोपऱ्यांत फिरवतात. मधे बरोबर दाखवतोय तर कोपऱ्यांची कटकट कशाला, असं मी एकदा विचारलं होतं.

“मधे ठेवलं की सगळेच खरं बोलतात, जावईबापू,” ते म्हणाले. “कोपऱ्यात ढकलल्यावर काय बोलतो ते बघायचं.”

जावईबापू ही त्यांची हाक. थट्टेत सुरू झाली आणि चिकटली. मी त्यांना बाबा म्हणायचो, बायकोचं ऐकून ऐकून.

मी प्रोग्राम लिहितो, त्यावर पोट भरतो. दुकानदारांच्या काट्यांची दर वर्षी तपासणी करून घ्यावी लागते, आणि कोणाची कधी आली हे सासरे डोक्यात ठेवायचे. डोकं दगा द्यायला लागलं तेव्हा त्यांच्या हिशेबनिसाने सगळा कारभार एका ऑनलाइन हिशेबाच्या सॉफ्टवेअरवर नेला. बिलं तिथे, ग्राहकांच्या नोंदीही तिथेच. प्रत्येक नोंदीत नाव, फोन, पुढच्या तपासणीची तारीख आणि खाली शेऱ्यासाठी एक मोकळा चौकोन. सासऱ्यांनी आपला सगळा संसार त्या चौकोनात मांडला. एका बोटाने, जिभेचं टोक बाहेर काढून, ते टाइप करायचे. ‘लक्षण: सकाळी जड, दुपारी हलका. उपाय: पंख्याखालून हलवला. गुण आला.’ किंवा, ‘लक्षण: मांजर काट्यावर झोपतं. उपाय: मालकाला समजावलं. गुण नाही, मालक मांजराच्या मुठीत आहे.’

अशा सॉफ्टवेअरला मागच्या बाजूने एक खिडकी असते. आमच्या धंद्यात तिला एपीआय म्हणतात. माणसाने पडद्यावर एकेक नोंद उघडून बघण्याऐवजी दुसरा प्रोग्राम त्या खिडकीवर जातो, मालकाने दिलेला परवाना दाखवतो आणि ठरलेल्या शब्दांत मागतो, ग्राहकांच्या नोंदी द्या. परवाना खरा असला तर खिडकी पानापानाने नोंदी हातात ठेवते. परवाना देणं मालकाच्या हातात असतं आणि काढून घेणंही. मी तसा एक प्रोग्राम लिहिला. रोज सकाळी तो खिडकीवर जायचा, कालपासून बदललेल्या नोंदी आणून आमच्याकडच्या प्रतीत भरायचा आणि ज्यांची तपासणी आली असेल त्यांना फोनवर निरोप धाडायचा.

चाचणीला एक ग्राहक हवा होता. सासऱ्यांनी मलाच ग्राहक केलं. स्वयंपाकघरात पीठ मोजायचा एक छोटा काटा त्यांनीच आम्हाला संसारासाठी दिला होता, तो माझ्या नावावर चढवला. नावाच्या रकान्यात लिहिलं ‘जावईबापू’. लगेच माझा फोन वाजला. ‘नमस्कार जावईबापू, तुमच्या काट्याची तपासणी आली आहे. काटा दुकानात घेऊन यावा.’ आम्ही तिघं त्या चिंचोळ्या दुकानात एकमेकांच्या अंगावर पडून हसलो होतो. बायकोचं डोकं माझ्या खांद्याला लागलं होतं, ते मला आजही त्या खांद्यावर जाणवतं.

मग आमचं लग्न मोडलं. त्यात सांगण्यासारखं फारसं काही नाही. तिची नोकरी एका शहरात, माझी दुसऱ्यात, शनिवार-रविवारी भेटायचं आणि भेटल्यावर दमलेलं असायचं. पुढे पुढे भांडायचाही उत्साह राहिला नाही, आणि तो राहिला नाही हेच आम्ही शहाणपण समजलो. सह्या झाल्या. भांडीकुंडी वाटली. काट्याकडे बघून ती म्हणाली, तो तुझ्या नावावर आहे. मी तो पिशवीत घातला, घरून करता येईल असं काम धरलं आणि तिच्या वडिलांच्या गावात, दुकानापासून लांब, एक खोली भाड्याने घेतली. त्याच गावात का, असं मित्रांनी विचारलं तेव्हा भाडं कमी आहे म्हणून सांगितलं. खरं कारण वेगळं होतं. मला तिचं घर सुटता सुटत नव्हतं.

सह्यांनंतर थोड्याच दिवसांत माझ्याच प्रोग्रामने मला निरोप पाठवला, काट्याची तपासणी आली आहे, जावईबापू. ती हाक वाचून मी जिन्यातच खाली बसलो. त्याच दिवशी प्रोग्राममध्ये एक ओळ घातली, ही नोंद वगळा. तेव्हापासून ती नोंद दारातूनच परत जायला लागली, मला दिसेनाशी झाली.

बाकीचं मात्र चालू राहिलं. बंद कर, असं कोणी म्हटलं नाही आणि मी कशाला विचारतोय. रोज सकाळी दात घासायच्या आधी मी बदललेल्या नोंदी वाचायचो. काम म्हणून वाचायची काहीच गरज नव्हती. पण सासरे कुठल्याही ग्राहकाच्या शेऱ्यात काहीही लिहायचे, आणि त्या घरचा वारा मला तेवढ्याच फटीतून लागायचा. ‘उद्या येऊ नये, दाढ काढायची आहे.’ ‘चष्मा बदलला, आधीच्या नोंदीत फोन चुकला असेल.’ एकदा एका पिठाच्या गिरणीवाल्याच्या नोंदीत होतं, ‘लेक आली होती. सगळी वजनं पुसून गेली.’ त्या दिवशी मला काही सुचलं नाही. गिरणीवाल्याला निरोप गेला की नाही हेसुद्धा बघायचं राहिलं.

मग जोडणी तुटायला लागली. प्रोग्राम खिडकीवर जायचा आणि हात हलवत परत यायचा, परवाना चालत नाही म्हणून. त्याच दिवशी सासऱ्यांचा फोन यायचा. यंत्र रुसलंय, जरा येऊन बघता का. पडद्यावर मालकाने एक बटण दाबलं की परवाना पुन्हा मिळतो, ते काम फोनवरही झालं असतं. पण ते म्हणायचे, अक्षर बारीक आहे, मला दिसत नाही. मी जायचो. परवाना एका मिनिटात मिळायचा आणि मी दुपारपर्यंत तिथेच असायचो. ते काटे खोलायचे, मी फडक्याने वजनं देत राहायचो. ती कशी आहे हे मी विचारायचो नाही, ते सांगायचे नाहीत.

एक गोष्ट मात्र खुपायची. हाक मारायला आमच्याकडे शब्द उरला नव्हता. बाबा म्हणायचा हक्क गेला होता आणि काटेवाले म्हणायला जीभ वळत नव्हती. मी ‘ऐकताय ना’, ‘हे बघा’ असं करून वेळ मारून न्यायचो. तेही जावईबापू म्हणायचे नाहीत. ‘अहो’ म्हणायचे, समोरच्या फळवाल्याला म्हणतात तसंच.

एके दिवशी तिचा फोन आला. सह्यांनंतर पहिल्यांदाच. इकडचं तिकडचं झालं. मग ती म्हणाली, ते यंत्र सारखं बिघडतं आणि बाबा तुला बोलावतात, हे तिला हिशेबनिसाकडून कळलं.

“तू नाही म्हणणार नाहीस, मला माहीत आहे,” ती म्हणाली. “पण त्यांना सवय लागलीय, आणि तुलाही. कायमचं करून दे आणि हिशेबनिसाच्या हवाली कर. तू मोकळा हो.”

मोकळा हो, हे ती मायेने म्हणाली, म्हणूनच जास्त लागलं. मी बरं म्हटलं. फोन ठेवल्यावर कितीतरी वेळ भांडी घासत राहिलो, स्वच्छ होती तीसुद्धा.

कायमचं करायचं तर आधी जोडणी का तुटते ते शोधायला हवं होतं. इतके दिवस मी शोधलं नव्हतं. तुटणं माझ्या सोयीचं होतं, मग कोण खोलात जातो. आता खिडकीने दिलेलं उत्तर पहिल्यांदाच पूर्ण वाचलं. परवान्याची मुदत संपली असती तर उत्तर वेगळं आलं असतं. इथे स्वच्छ लिहिलं होतं की मालकाने परवानगी काढून घेतली आहे. मागची उत्तरं काढून बघितली. दर वेळी हेच. माझ्या प्रोग्रामचा काही दोष नव्हता. सासरे स्वतः सेटिंगमध्ये जाऊन, बारीक अक्षरं वाचून, ‘जोडणी तोडा’ हे बटण दाबत होते.

 सरळ अर्थ लागत होता, की त्यांना मी नको होतो. तोंडावर सांगायला भीड पडते, म्हणून ते मागच्या दाराने मला काढून टाकत होते, आणि मी मूर्खासारखा दर वेळी हसत हसत पुढच्या दाराने आत येत होतो. पण तसं असेल तर फोन का करायचे? त्यालाही मी उत्तर शोधलं. निरोप बंद पडले की ग्राहक ओरडतात, मग नाइलाजाने फोन. दुखावलेल्या माणसाला कुठलाही हिशेब जुळवता येतो.

ठरवलं, की एकदा नीट करून द्यायचं आणि विषय संपवायचा. रविवारी सकाळी बसलो. हिशेबनिसाच्या हवाली करायचं म्हणजे जुनी प्रत फेकून सगळ्या ग्राहकांच्या नोंदी नव्याने मागायच्या आणि सगळ्या आल्यात याची खात्री करायची. शेवटचं पान आल्यावर खिडकी एकूण नोंदींचा आकडा सांगते. माझ्याकडे एक कमी भरली. पुन्हा मागवल्या. पुन्हा एक कमी. पानांच्या सांध्यात एखादी निसटते कधीकधी, म्हणून ते सांधे तपासले. मग चहा केला, तो प्यायलो, आणि कपाळावर हात मारला. मीच तर घातली होती ती ओळ. एक ग्राहक मी वगळला होता, आणि तो मी होतो.

ती ओळ काढून नोंद मागवली. सह्यांनंतर मी ती पाहिलीच नव्हती. नावाच्या रकान्यात अजून ‘जावईबापू’ होतं, कोणी खोडलं नव्हतं. तपासणीची तारीख होऊन गेलेली. आणि खालच्या चौकोनात सासऱ्यांनी एका बोटाने लिहिलं होतं:

‘लक्षण: येणं बंद. उपाय: तपासणीची तारीख आजची टाकली, निरोप जाईल. गुण नाही.

उपाय: तारीख बदलून पुन्हा टाकली. गुण नाही. निरोप मिळत असून येत नसतील तर बोलावू नये.

उपाय: जोडणी तोडली. फोन केला. गुण आला. जेवून गेले.

पुन्हा तोडली. आले. बारीक झालेत.

हा कायमचा इलाज नव्हे.’

मी ते वाचलं आणि रडलो. लपवण्यासारखं काही नाही, खोलीत दुसरं कोणी नव्हतंही. मी दारातून परत पाठवत होतो ती त्यांची बोलावणी होती. ते बापडे तारखा बदलून वाट बघत होते, आणि निरोप मिळत असूनही मी येत नाही असं समजून गप्प राहत होते. मला त्या घराची जितकी ओढ होती तितकीच तिकडूनही कोणाला असेल, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं.

प्रोग्राम मी चोख करून दिला. एकाही ग्राहकाला न वगळता. हिशेबनिसाकडे सगळं सोपवलं, आणि सासऱ्यांकडून शेवटचा परवानाही त्यालाच घ्यायला लावला. तेव्हा मी दुकानात गेलो नाही, मुद्दामच. आता तोडाफोडीशिवाय चालतंय का ते मला बघायचं होतं. तिलाही फोन करून सांगितलं, झालं काम, आता तुटणार नाही.

“आणि तू?” तिने विचारलं.

“मी ग्राहक आहे,” म्हटलं. “माझा काटा आहे त्यांच्याकडे नोंदवलेला.”

ती हसली असावी, किंवा नसेलही, फोनवर काय कळतं. त्या क्षणी मला ती इतकी हवीशी वाटली, की मी तिचं नाव घेणार होतो. पण तेवढ्यात तीच बोलली. “सकाळी जात जा,” म्हणाली. “दुपारी ते झोपतात आणि झोपलो नव्हतो असं सांगतात.”

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला. ‘नमस्कार जावईबापू, तुमच्या काट्याची तपासणी आली आहे. काटा दुकानात घेऊन यावा.’ तारीख त्यांनी पुन्हा टाकली असणार, पण वाक्य माझंच होतं, मीच कधीतरी बसून लिहिलं होतं. तरी मी ते उभ्या उभ्या परत परत वाचलं. मग काट्यावरचं पीठ पुसलं, तो टॉवेलात गुंडाळला आणि निघालो.

सासरे ओट्यामागे होते. माझ्याकडे बघितलं, टॉवेलाकडे बघितलं. चष्मा वर सरकवला.

“निरोप मिळाला?”

“आज मिळाला,” मी म्हटलं. “आधीचे मिळाले नव्हते. दोष माझ्याकडे होता. एक ओळ चुकीची घातली होती.”

त्यांनी मान हलवली. कुठली ओळ ते विचारलं नाही. काटा हातात घेतला, उलटा करून पाय बघितले, दगडी ओट्यावर ठेवला. मी फळीवरून फडकं घेतलं आणि एकेक वजन देत गेलो. मधोमध बरोबर आलं. मग पहिला कोपरा, दुसरा, तिसरा. चौथ्या कोपऱ्यात आकडा थोडा सरकला. त्यांनी वजन उचललं, पुन्हा ठेवलं. पुन्हा सरकला.

मी विचारलं, बिघडलाय का.

“बिघडलेला नाही. काटा घरातून हलवला की असं होतं. नव्या जागी पुन्हा जुळवून द्यावा लागतो, तोपर्यंत त्याचाही जीव थाऱ्यावर नसतो.” त्यांनी खालचा एक पाय अगदी थोडा फिरवला. वजन ठेवलं. आकडा बरोबर आला.

मग त्यांनी संगणक पुढे ओढला, माझी नोंद उघडली आणि जिभेचं टोक बाहेर काढून शेरा लिहायला लागले. मला दिसू नये म्हणून पडदा तिरका केला होता. लिहून झालं आणि बोट तारखेच्या रकान्यावर थांबलं.

“पुढची तपासणी वर्षाने ना, बाबा?” मी विचारलं. शब्द तोंडातून निसटल्यावर कळलं की निसटला.

त्यांनी चष्मा काढला, फडक्याने पुसला. ते वजनांचं फडकं होतं, आणि त्याने दुसरं काही पुसलेलं त्यांना मुळीच खपत नाही.

“महिन्याने,” ते म्हणाले. “दर महिन्याने लागेल, जावईबापू. नाजूक काटा आहे.” आणि तशी तारीख टाकली.